पदवी दुसऱ्याच विषयाची, काम मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांचं: सुरुवात कशी करायची

बी. कॉम., बी. ई., बी. फार्म. किंवा बी. एस्सी. झालंय, हात चित्रात चालतो आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत, अशांसाठी हा लेख आहे. या कामाला कलाशाखेची पदवी लागतेच असा नियम नाही. काम देण्याआधी संपादक सहसा प्रमाणपत्र मागत नाहीत, केलेलं काम मागतात. ते बघताना त्यांच्या मनात तीन प्रश्न असतात: पहिल्या पानावरची मुलगी सोळाव्या पानावरही तीच मुलगी दिसते का? ठरलेल्या तारखेला काम हातात येईल का? आणि आलेली फाईल प्रेसमध्ये जशीच्या तशी चालेल का? सुंदर सुटी चित्रं काढणारे पुष्कळ असतात. या तिन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणता येईल असे थोडे असतात, आणि नव्या माणसाला जागा मिळते ती तिथे.

पहिली पायरी: नोकरी सोडू नका, तास मोजा

राजीनामा देऊन ‘आता पूर्णवेळ चित्रं’ म्हणण्याची घाई करू नका. पहिल्या पुस्तकाचे पैसे हातात यायला वेळ लागतो, आणि घरभाड्याची चिंता डोक्यावर असली की माणूस पडेल त्या दरात, नको तसलं काम घेतो. आधी हिशेब करा.

सोळा पानांचं एक साधं चित्रपुस्तक घ्या. त्यात सहा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र), दोन सुटी पानं आणि मुखपृष्ठ धरून नऊ मोठी चित्रं होतात. नवख्या माणसाला एका रफला, म्हणजे कच्च्या रेखाटनाला, दोन तास आणि रंगीत चित्राला आठ तास लागतात असं धरलं तर १८ आणि ७२ मिळून ९० तास झाले. पात्रं ठरवणं आणि छोटी आखणी यांचे १२, दुरुस्त्यांचे २०. एकूण १२२ तास. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास मिळत असतील तर नुसत्या कामालाच बारा आठवडे जातात. मधे संपादकांच्या उत्तराची वाट बघण्यात जाणारे दिवस धरा आणि चार महिन्यांची मुदत मागा. ‘दीड महिन्यात देतो’ असं उत्साहात सांगून पुढे तीन वेळा तारीख वाढवून मागणाऱ्याला दुसरं पुस्तक मिळणं अवघड होतं.

हेच गणित पैशालाही लावा. समजा त्या पुस्तकाचं मानधन २५,००० रुपये ठरलं, तर तासाला साधारण २०५ रुपये पडले. हा आकडा पटतो का ते तुम्हीच ठरवायचं. पण हा आकडा काढल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. वर धरलेले तास उदाहरणादाखल आहेत. स्वतःचे खरे तास महिनाभर वहीत लिहा आणि ते वापरा.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. नियुक्तिपत्रात बाहेरचं सशुल्क काम करायला बंदी आहे का? अनेक कंपन्यांच्या पत्रात ती असते, आणि सरकारी नोकरीत परवानगीचे नियम असतात. असेल तर लेखी परवानगी घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर मात्र एकही चित्र काढू नका. पुढे त्या चित्रावर हक्क कुणाचा, हा वाद निघू शकतो.

दुसरी पायरी: पुस्तकं वाचा, पण पेन्सिल हातात घेऊन

एक चांगलं चित्रपुस्तक घ्या. कोऱ्या कागदावर त्याच्या प्रत्येक जोडपानासाठी काडेपेटीएवढी एक चौकट आखा. चौकटीत फक्त मोठे आकार मांडा: माणूस कुठे, झाड कुठे, मजकूर कुठे, क्षितिजाची रेघ किती वर. रंग नको, तपशील नको. सगळं पुस्तक असं एका कागदावर आलं की चित्रकारानं कुठे जवळून दाखवलंय, कुठे लांबून, कुठे पान जवळजवळ मोकळं सोडलंय हे लगेच दिसतं. आठवड्याला दोन पुस्तकं अशी उलगडा. तीन महिन्यांत हाती जे येईल ते कुठल्याही वर्गात मिळणार नाही, असं आमचं ठाम मत आहे.

पुस्तकं विकत घेणं परवडत नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं फुकट वाचता येतात. पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन, भोपाळची एकलव्य, चेन्नईचं तूलिका आणि तारा, दिल्लीचा नॅशनल बुक ट्रस्ट या सगळ्यांची पुस्तकं शेजारी ठेवून बघा. प्रत्येकाची आवड वेगळी आहे, आणि पुढे कुणाला काय पाठवायचं ते ठरवताना हे बघितलेलं कामी येतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. मासिकातल्या एका कथेसाठी एक-दोन चित्रांत सगळं कसं सांगतात ते तिथे बघा. पुस्तकापेक्षा ते काम लहान असतं, म्हणून सुरुवातीला सोयीचंही.

तिसरी पायरी: हात कुठे कमी पडतो ते शोधा

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. या धंद्यात सर्वात उपयोगी पडतो तो तोच सराव. एसटी स्टँड, भाजी मंडई, शाळा सुटतानाचं फाटक अशा ठिकाणी जा, दहा मिनिटं नुसतं बघा, घरी येऊन आठवणीतून काढा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन ताडून बघा. पुस्तकातली माणसं सतत वाकतात, धावतात, पाठमोरी असतात, आणि दर वेळी समोर फोटो नसतो.

लहान मुलं काढताना प्रमाण चुकतं. वर्षाचं मूल साधारण चार डोक्यांएवढं उंच असतं, चार वर्षांचं पाच, नऊ-दहा वर्षांचं सहा ते साडेसहा आणि मोठा माणूस सात-साडेसात. हे लक्षात न ठेवता काढलं की मुलाच्या जागी बुटका काका उभा राहतो. दुसरी ठरलेली चूक म्हणजे हात. सगळ्या पात्रांचे हात पाठीमागे किंवा खिशात असतील तर संपादकाला कारण लगेच कळतं. रोज पाच हात काढा: काही धरलेले, काही उघडे, लहान मुलाचे गुबगुबीत आणि आजीचे शिरा दिसणारे.

मग पात्राचा तक्ता करायला शिका. एकाच ए-थ्री कागदावर एका पात्राची समोरून, तिरकी, बाजूनं आणि पाठमोरी अशी चार रूपं, सहा भाव, पाच हालचाली, आणि शेजारी दुसरं पात्र उभं करून उंचीची तुलना. कागदाच्या कडेला बारीक गोष्टी शब्दांत लिहा: भांग डावीकडे, फ्रॉकला तीन बटणं, उजव्या पायात पैंजण, दप्तराचा पट्टा एकाच खांद्यावर. चित्रं सुरू झाली की नेमक्या याच गोष्टी निसटतात. सातव्या पानावर भांग उजवीकडे जातो, अकराव्यावर पैंजण गायब होतं. मोठ्यांच्या ते लक्षात येत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या पहिल्या वाचनात येतं.

चौथी पायरी: साहित्य थोडंच घ्या

कागदावर रंगवणार असाल तर जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद घ्या. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि स्कॅनमध्ये सावल्या उमटतात. चित्र छपाईच्या आकाराएवढं किंवा थोडं मोठं काढा. छोटं काढून वाढवलं की कागदाचा पोत आणि प्रत्येक थरथर दुप्पट होते. स्कॅन त्याच मापाला वापरायचा असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), मोठा करायचा असेल तर ६००. मोबाईलवर काढलेला फोटो चालत नाही. एका कोपऱ्यात उजेड जास्त, दुसऱ्यात पिवळट, आणि चौकोन नेहमी किंचित तिरका येतो.

संगणकावर काढायचं असेल तर पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट पुरतो. चार-पाच हजार रुपयांच्या आसपास चांगला मिळतो. पडद्याकडे बघत टेबलावर हात चालवायची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर वैतागून महागडं यंत्र घेऊ नका. क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात छपाईच्या चार शायांची सीएमवायके रंगपद्धतही आहे. आयपॅड असेल तर उत्तम, पण त्यासाठी कर्ज काढू नका.

पाचवी पायरी: एक गोष्ट पूर्ण मांडा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. सुट्या चित्रांच्या ढिगापेक्षा एक पूर्ण मांडलेली गोष्ट संपादकाला तुमच्याबद्दल जास्त सांगते. गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची, तोंडी चालत आलेली घ्या, म्हणजे कुणाच्या परवानगीचा प्रश्न नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा भोपळा घेऊ.

सोळा पानं आणि वेगळं मुखपृष्ठ, मधे पिना मारलेलं पुस्तक धरा. पान १ वर शीर्षक. पान २ वर प्रकाशकाची माहिती. गोष्ट सुरू होते पान ३ वर, म्हणजे उजव्या हाताच्या एका सुट्या पानावर. पुढे ४-५, ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५ अशी सहा जोडपानं, आणि शेवटचं सुटं पान १६. हे गणित पाठ करा. नवखे लोक पान १-२ शेजारीशेजारी धरून आखणी करतात, मग पुस्तक बांधताना सगळी जोडपानं फुटतात.

आता म्हातारीला या पानांत बसवा. पान ३: काठी टेकत उंबरठा ओलांडणारी, हाडाची काडं झालेली म्हातारी, घर मागे. ४-५: जंगल, आणि कोल्हा. म्हातारी डाव्या पानावर लहानशी, उजव्या पानाच्या कडेला झाडामागून फक्त कोल्ह्याचं नाक. तोंड पूर्ण दाखवलंत तर पान उलटायला कारणच उरत नाही. ६-७: वाघ. इथे जवळून दाखवा, वाघाचा चेहरा जवळपास अख्खं पान व्यापेल इतका. सलग दोन जोडपानांत दोन जनावरं येतात, म्हणून अंतर बदललं नाही तर तेच चित्र पुन्हा बघितल्यासारखं वाटतं.

८-९ वर लेकीचं घर, जेवणाची पंगत, तूप, गुबगुबीत होत चाललेली म्हातारी. सगळ्यात भरलेलं चित्र इथे ठेवायला एक छपाईचं कारण आहे. पिना मारलेल्या पुस्तकात ८-९ ही पानं एकाच कागदावर शेजारीशेजारी छापली जातात, त्यामुळे मधली रेघ तंतोतंत जुळते. बाकी जोडपानांची डावी-उजवी बाजू वेगळ्या कागदांवर असते आणि घडीत मिलिमीटरभर सरकू शकते. म्हणून ४-५ किंवा १२-१३ वर कुणाचा डोळा, बारीक दोरी किंवा तिरकी काठी मधल्या घडीवर आणू नका. मोठं, मऊ काहीतरी तिथे चालतं: आभाळ, गवत, भोपळ्याचं पोट.

१०-११: भोपळा कोरणं आणि म्हातारी आत बसणं. तीन छोट्या चित्रांत दाखवलंत तर चालही बदलते. १२-१३: भोपळा घरंगळतोय. हा भोपळा डावीकडून उजवीकडेच जाऊ द्या. मराठी वाचणाऱ्याचा डोळा त्याच दिशेला धावतो, त्यामुळे वेग फुकटात मिळतो. म्हातारी परत निघाली आहे म्हणून उलटी दिशा दाखवण्याचा मोह होतो. परतीचा अर्थ रंगातून किंवा उजेडातून द्या, वेग मारू नका. १४-१५ वर फसलेली जनावरं, आणि पान १६ वर घर: तोच उंबरठा, पण म्हातारी आता दारात मावत नाही.

हे सगळं आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत. तीन वेगवेगळ्या मांडण्या करा, त्यातली एक निवडा. मग साध्या कागदाची खरीखुरी सोळा पानी वही घडी घालून, पिना मारून बनवा, तिच्यावर पेन्सिलीनं रफ काढा आणि पानं उलटून वाचा. शक्य असेल तर एखाद्या मुलाला वाचून दाखवा. कुठे तो पान उलटायची घाई करतो आणि कुठे चुळबुळतो ते टिपा. त्यानंतर सगळी गोष्ट रंगवायची गरज नाही. सलग चार जोडपानं पूर्ण रंगात आणि बाकीची रफमध्ये ठेवा. सलग हवीत; दूरदूरची चार निवडली तर सातत्य दिसत नाही.

मजकुराची जागा

नव्या चित्रकारांच्या फाईलीत हमखास सापडणारी त्रुटी म्हणजे मजकुराला जागाच न ठेवणं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागतं. लहान मुलांसाठी अक्षर साधारण १६ ते २० पॉइंट असतं. चार-पाच ओळी बसतील अशी, पानाच्या पाव भागाएवढी शांत, फिकी जागा चित्राचाच भाग म्हणून ठेवा: आभाळ, भिंत, अंगण. गवताच्या काड्यांवर किंवा गडद झाडीवर अक्षरं वाचता येत नाहीत, आणि मग मांडणीकार वर पांढरा चौकोन टाकतो, चित्र तिथेच मरतं.

अक्षरं चित्रात हातानं काढू नका, संपादकानं सांगितल्याशिवाय तर नाहीच. आपल्याकडे एकच पुस्तक मराठी, हिंदी, कन्नड, इंग्रजीत निघतं तेव्हा रंगीत चित्रं तीच राहतात आणि फक्त काळ्या शाईची प्लेट बदलते. दुकानाची पाटी, फळ्यावरचा धडा, पत्रावरचं नाव हे सगळं फाईलच्या वेगळ्या लेयरवर (थरावर), शुद्ध काळ्यात ठेवलं तर प्रकाशकाचे पैसे वाचतात. काम देताना हे जाणणारा चित्रकार आधी आठवतो.

सहावी पायरी: छपाईला चालेल अशी फाईल

माप नेहमी प्रकाशकाकडून लेखी घ्या. सरावासाठी ए-फोर धरू: २१० बाय २९७ मिमी. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड म्हणजे चित्र कापाच्या पलीकडे तेवढं वाढवायचं. एक पान २१६ बाय ३०३ मिमी होतं, म्हणजे ३०० डीपीआयला २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. जोडपान ४२६ बाय ३०३ मिमी, म्हणजे ५०३२ बाय ३५७९ पिक्सेल. ब्लीड न ठेवता दिलं तर कापताना किंचित फरक पडला की पानाच्या कडेला पांढरी रेघ दिसते. उलट, चेहरे, पाय आणि मजकूर कापापासून निदान १० मिमी आत ठेवा. पायाचे अंगठे कापले जाण्याचं प्रमाण बरंच असतं.

पडद्यावरचे झगमगते निळे, जांभळे आणि पोपटी रंग छापल्यावर मंद होतात, कारण चार शायांत ते बसत नाहीत. रंगवायला सुरुवात करतानाच सीएमवायकेमध्ये कसं दिसतं ते बघत राहा. एखादं पान जवळच्या डिजिटल प्रेसवर छापून घ्या. खर्च थोडा, पण रात्रीचं दृश्य छापल्यावर किती काळं पडतं हे तिथेच कळतं. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून रंगवलेली रात्र कागदावर काळाकुट्ट ठोकळा होते.

फाईलचं नाव असं ठेवा की सहा महिन्यांनी दुसऱ्यालाही कळेल: पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, कितवी आवृत्ती. ‘फायनल’, ‘फायनल-फायनल’ ही नावं प्रेसमध्ये जुनी फाईल जाण्याचं कारण ठरतात. लेयर असलेली मूळ फाईल स्वतःकडे दोन ठिकाणी जपा.

सातवी पायरी: काम मागणं

पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामाचा संच, दहा-बारा पानांची एक पीडीएफ, पाच एमबीच्या आत. पहिल्या पानावर सर्वांत चांगलं चित्र, मग भोपळ्याची सलग जोडपानं, एक पात्राचा तक्ता, गर्दीचं एक दृश्य, प्राणी, एक घराच्या आतलं दृश्य, एक कृष्णधवल. व्यक्तिचित्रं, सिनेमातल्या नटांची पेन्सिल स्केचं आणि मंडल कला काढून टाका. हाताची सफाई दिसते, पण गोष्ट सांगता येते का ते कळत नाही. दुसऱ्याच्या चित्रावरून काढलेलं काहीही नको.

ईमेल मराठी प्रकाशकाला मराठीत लिहा, सहा ओळींत. तुम्ही कोण, कुठल्या वयाच्या मुलांसाठी काम करायचंय, त्यांचं कुठलं पुस्तक किंवा अंक बघून लिहिताय, आठवड्याला किती वेळ देऊ शकता, सोबत काय जोडलंय, फोन नंबर. पदवी एका ओळीत सांगा, आणि ती लपवू नका. वनस्पतिशास्त्र शिकलेल्याला पानाच्या शिरा आणि फुलाच्या पाकळ्या बरोबर काढता येतात. विज्ञानाच्या, शेतीच्या, आरोग्याच्या पुस्तकांसाठी असे चित्रकार शोधावे लागतात. सिव्हिलवाल्याला घराचा छेद कळतो. इथे तुमची ‘असंबद्ध’ पदवी कला महाविद्यालयातून आलेल्याच्या पुढे नेते, म्हणून पोर्टफोलिओत त्या विषयाचं निदान एक जोडपान असू द्या.

तीन-चार आठवड्यांनी एकदा आठवण करा. उत्तर आलं नाही तर सहा महिन्यांनी नव्या चित्रांसह पुन्हा लिहा. दिवाळी अंकांत चित्रं हवी असतील तर एप्रिल-मेमध्येच संपर्क करा. गणपतीनंतर विचारून उपयोग नसतो, तोवर कामं वाटलेली असतात.

नमुन्यासाठी एखादं पेन्सिल रफ मागितलं तर द्यायला हरकत नाही. पूर्ण रंगीत जोडपान फुकटात मागितलं तर नम्रपणे मानधन विचारा.

आठवी पायरी: करार, सही करण्याआधी

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि त्यातली एक तरतूद चित्रकारांना सहसा माहीत नसते. लेखकाच्या बाबतीत मूळ हक्क साधारणपणे लेखकाचा. पण कुणी पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर त्या चित्राचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो. म्हणजे तोंडी व्यवहार चित्रकाराच्या तोट्याचा. म्हणून दोन ओळींचा का होईना, पण लेखी करार करा: ‘चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, प्रकाशकाला या पुस्तकासाठी अमुक भाषांत, अमुक वर्षांसाठी वापरायचा हक्क आहे.’ हक्क हस्तांतरित करायचेच झाले तर मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

काही संस्था पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली काढतात. स्टोरीवीव्हरवरची बहुतेक पुस्तकं तशी आहेत. तिथे तुमचं नाव देऊन कुणीही ती चित्रं पुन्हा वापरू शकतो, विकाऊ कामातसुद्धा. यात गैर काही नाही, पुस्तक दूरवर पोचतं. पण ते समजून सही करा आणि मानधन त्या हिशेबानं ठरवा.

करारात आणखी हे हवं. पैसे तीन हप्त्यांत: सुरुवातीला ३० टक्के, रफ मंजूर झाल्यावर ४०, अंतिम फाईल दिल्यावर ३०. ‘पुस्तक प्रकाशित झाल्यावर’ हे शब्द दिसले तर बदलून घ्या, कारण प्रकाशन वर्षभर रखडू शकतं आणि त्यात तुमचा दोष नसतो. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या रफच्या टप्प्यावर आणि एक रंगाच्या. मंजूर रफ नंतर बदललं तर जादा पैसे. काम मधेच थांबलं तर झालेल्या टप्प्याचं पूर्ण मानधन. मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीनं चित्रकाराचं नाव. कागदावरची मूळ चित्रं तुमचीच, आणि पुस्तकाच्या किती प्रती तुम्हाला मिळणार ते आकड्यात.

बिल साध्या कागदावर चालतं: क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, पॅन, बँक खातं. प्रकाशक बहुधा १० टक्के टीडीएस कापतात; पॅन दिला नाही तर २० टक्के कापला जातो. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, म्हणून उत्पन्न थोडं असलं तरी विवरणपत्र भरा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहून सेवा देणाऱ्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

सरकारच्या उद्यम संकेतस्थळावर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करून ठेवा. ती मोफत असते, आधार आणि पॅनवर होते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत, आणि ठरली नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापला की आठवण करून देताना आवाज चढवावा लागत नाही.

शिकायला जायचं का?

लगेच नाही. आधी वर्षभर वरच्या पायऱ्या करून बघा. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूलनं प्रवेश नाकारला होता, त्यांनी म्हैसूरला बी. ए. केलं, तर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्समधून इतिहास घेऊन बी. ए. केलं. दोघांनीही हात रोज चालवला, तो कुणी शिकवण्याची वाट न बघता.

वर्षानंतरही वाटलं की मार्गदर्शन आणि सोबत हवी, तर कुठल्याही शाखेच्या पदवीधराला दारं उघडी आहेत. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाईन विभागात एम. डेस. (डिझाईनची पदव्युत्तर पदवी) करायला सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिला वयाची अट नाही, तीन वर्षांची पदवी किंवा पदविका चालते, आणि दुसऱ्या भागात चित्र काढायचंच असतं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. दोन्हीकडे दोन-अडीच वर्षं आणि बऱ्यापैकी फी जाते. तिथे मिळणारी खरी चीज म्हणजे टीका करणारे सोबती. ती आठवड्याला एकदा भेटणाऱ्या चार जणांच्या गटातूनही मिळते, फक्त नियम ठेवा: प्रत्येकानं नवं जोडपान आणायचं आणि ‘छान आहे’ म्हणायचं नाही.

पहिलं पुस्तक छापून आलं की

प्रती हातात आल्या की दोन प्रती बाजूला काढा. एकीवर पेननं खुणा करा: कुठे रंग मंद पडला, कुठे घडीत काय गेलं, मजकुराची जागा कुठे कमी पडली. मूळ फाईल शेजारी उघडून प्रत्येक खुणेचं कारण लिहा. हा कागद पुढच्या पुस्तकाच्या फाईलमध्ये सर्वांत वर ठेवा. मग छापील पानांचे नीट स्कॅन घेऊन पोर्टफोलिओतली भोपळ्याची दोन जोडपानं काढा आणि तिथे ते टाका. त्याच आठवड्यात संपादकांना लिहा: मिळालेल्या प्रतींची पोच, छपाईत दिसलेल्या दोन-तीन गोष्टी, आणि पुढच्या चार महिन्यांत तुमच्याकडे किती वेळ आहे ते.